पी.पी. नंबर

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात फोन एकच होता, मालकांकडे. ओसरीतून आत गेलं की डावीकडच्या कोनाड्यात, वर क्रोशाचं झाकण. बिऱ्हाडं अठरा. आणि अठराही बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर, मुलांच्या शाळेच्या फॉर्मांवर तोच नंबर, पुढे कंसात ‘पी.पी.’. फोन वाजला की मालकीणबाई, म्हणजे आमच्या माई, रिसीव्हर आडवा ठेवून चौकात यायच्या आणि मान वर करून हाक द्यायच्या, “लेले! मुंबईचा फोन!” मग माझे वडील बनियनवर सदरा चढवत जिना उतरायचे, जणू पलीकडच्याला दिसणार होतं. खुद्द माईंना फोन महिन्या-दोन महिन्यांतून एखादा. यंत्र त्यांच्या घरात, निरोप दुसऱ्यांचे.

१९७८ साली मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून देणारी, म्हणून लागले, तेव्हा कळलं की पी.पी. म्हणजे ‘पर्टिक्युलर पर्सन’. नंबर लागून भागत नाही. नेमकं तेच माणूस लायनीवर आलं तरच बोलणं सुरू झालं असं धरायचं. डोक्याला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्डी, बाजूला तिकिटांची चळत. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा कॉलच्या तीन जाती. लाइटनिंगचा दर ऐकला की बहुतेक लोक निमूटपणे ऑर्डिनरीवर यायचे. तीन मिनिटं झाली की दोघांच्या बोलण्यात तोंड घालून विचारायचं, “थ्री मिनिट्स ओव्हर, एक्स्टेंड करू?” कोणी रडत असलं तरी विचारायचं. एसटीडी आली, ट्रंकचे बोर्ड गेले, आम्हाला दुसऱ्या टेबलांवर बसवलं. २०१७ ला निवृत्त झाले. ऐकण्याचाच धंदा केला म्हणायचा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या स्तनातल्या गाठीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला. कॅन्सर. तो महिना आठवतोच सगळ्यांना. सोसायटीत ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द कुजबुजत बोलायचा होता, आणि माझ्या कागदावर तो दोनदा. ईआर पॉझिटिव्ह, ९० टक्के. पीआर पॉझिटिव्ह. हर-टू निगेटिव्ह. धाकट्या जावेला फोनवर वाचून दाखवला, तर ती पहिल्या पॉझिटिव्हलाच रडायला लागली. डॉक्टर मात्र म्हणाले, “साठेकाकू, त्यातल्या त्यात ही बरी बातमी आहे.” आणि पॅडवर एक कुलूप काढलं, त्यात शिरणारी एक किल्ली काढली. कुलूप म्हणजे पेशीतला रिसेप्टर, रिपोर्टमधला ईआर तो हाच; किल्ली म्हणजे इस्ट्रोजेन, बायकांच्या अंगातलं हार्मोन. आपण किल्ली जाऊच द्यायची नाही. झालं.

पुढच्या चार वर्षांत हे कुलूप-किल्लीचं चित्र मला चार वेगवेगळ्या लोकांनी काढून दाखवलं. एका नर्सने प्रिस्क्रिप्शनच्या मागे. मला ते एकदाही पटलं नाही. कुलूप बिचारं लोंबकळत असतं. ते उघडलं काय, न उघडलं काय, त्याला कळत काही नाही. शिवाय कुलूप दाराच्या बाहेर असतं. आणि मुख्य म्हणजे माझं कुलूप उघडंच राहिलं म्हणून हे झालं, असा एक आरोप त्या चित्रात आहे. रिसेप्टर हा शब्द मला वेगळाच ऐकू आला. रिसीव्हरचा सख्खा भाऊ.

भाचीची मुलगी बायोटेक शिकते. तिला मी छळलं. तिने सांगितलं ते, मग तिने दिलेलं, मग त्याच्या मागचं, असं वाचत गेले. कळलं नाही तिथे दोनदा वाचलं. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि माझ्यासारखीला तर कारणही होतं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की हे यंत्र दारावर नसतंच. इस्ट्रोजेन तेलात विरघळणाऱ्या जातीचं, त्यामुळे पेशीच्या भिंतीतून ते न विचारता आत येतं. रिसेप्टर बसलेला असतो पार आत, केंद्रकात. म्हणजे फोन ओसरीत नाही, देवघरात. डीएनएची पोथी ठेवलीये तिथेच. निरोप आला की तो जोडीने त्या पोथीवर बसतो. जस्ताच्या अणूंनी ताठ धरलेली दोन-दोन बोटं असतात त्याला, त्यांनी अक्षरं चाचपतो. जागाही ठरलेली: सहा अक्षरं, मध्ये कुठलीही तीन, मग पुन्हा सहा. एका धाग्यावर सरळ वाचा किंवा जोडीच्या धाग्यावर उलट दिशेने वाचा, अक्षरं तीच. शाळेत आम्ही ‘चिमा काय कामाची’ उलटसुलट म्हणत फिरायचो, तसलाच प्रकार. एवढं सगळं झालं की त्या जागेजवळची जनुकं जागी होतात आणि पेशीला हुकूम सुटतो: वाढ, दुप्पट हो.

अशी ४८ प्रकारची यंत्रं माणसाच्या जनुकांत नोंदलेली आहेत. कॉर्टिसोलचं एक, थायरॉइडच्या हार्मोनची दोन, ड जीवनसत्त्वाचं, अ जीवनसत्त्वाच्या गोतावळ्याची कित्येक. काहींना शास्त्रज्ञ ‘अनाथ’ म्हणतात. कनेक्शन दिलेलं आहे, यंत्र बसवलेलं आहे, पण फोन कोणाचा येतो ते माहीत नाही. आमच्या खात्यातही अशा लायनी होत्या. बिल मात्र नियमित निघायचं.

आता हा फोन आहे हे कळलं कसं, ती गोष्ट मला सगळ्यांत आवडते, म्हणून जरा रेंगाळते. १८९६ मध्ये ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की स्तनाचा कॅन्सर उलटून आलेल्या एका ३३ वर्षांच्या बाईचे बीजकोश त्यांनी काढले आणि गाठी विरल्या. कल्पना आली कुठून? गायींवरून. दूध लांबावं म्हणून गायीचे बीजकोश काढण्याची चाल काही ठिकाणी होती, ती त्यांनी ऐकली होती. ओटीपोटातल्या अवयवाचं छातीशी काहीतरी बोलणं चालतं, एवढा धागा त्यांनी पकडला. इस्ट्रोजेन हे नावसुद्धा तेव्हा नव्हतं. लायनीवर कोण आहे ते माहीत नाही, काय बोलतंय ते माहीत नाही, पण तार कुठून कुठे जाते ते या माणसाने ओळखलं. आमच्या लाइनमनमध्ये असे एक-दोघे होते.

मग साठ वर्षांनी शिकागोत एलवुड जेन्सन. तोवर शास्त्रज्ञांची समजूत अशी, की इस्ट्रोजेन पेशीत जाऊन इंधनासारखं खर्च होतं, त्यातून काम होतं. जेन्सन यांनी १९५८ च्या सुमारास इस्ट्रोजेनमध्ये किरणोत्सारी हायड्रोजन घातला, म्हणजे ते जाईल तिथे माग काढता यावा, आणि उंदरांच्या लहान माद्यांना ते टोचलं. रक्तातून, स्नायूंतून ते आलं तसं गेलं. गर्भाशयात मात्र तासन्‌तास थांबून राहिलं, आणि बाहेर पडलं ते जसंच्या तसं. काही जळलं नाही, काही खर्च झालं नाही. कोणीतरी त्याला धरून ठेवलं होतं, ऐकून घेतलं होतं, आणि सोडून दिलं होतं. बोलणं झाल्यावर आवाज संपतो थोडाच? हे वाचलं त्या रात्री मला हसू येत होतं. आमच्या सुपरवायझरला हे पहिल्या दिवशी कळलं असतं.

माझ्या रिपोर्टमधला दुसरा पॉझिटिव्हही असाच सुटला. पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर. तो पेशीत तयार होतो तोच मुळात इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरने हुकूम दिल्यावर. म्हणजे पीआर सापडला की समजायचं, ईआरचं यंत्र नुसतं भिंतीला टांगलेलं नाही, लाइन चालू आहे. दुरुस्तीनंतर टेस्ट डेस्कवरून आम्ही घंटी देऊन बघायचो, तेच हे.

आणि आता माई.

१९९७ मध्ये मँचेस्टरच्या काही संशोधकांनी निरोगी स्तनातल्या पेशी तपासल्या. त्यांना दिसलं असं, की ज्या पेशींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असतो त्या दुप्पट होत नाहीत. दुप्पट होतात त्या दुसऱ्याच, बहुतेकदा अगदी शेजारच्या. रिसेप्टरवाली पेशी निरोप घेते आणि स्वतःचं एखादं रसायन सोडून शेजारणीला हाक मारते. स्वतः जागची हलत नाही. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तो चौक, मान वर केलेल्या माई, अठरा बिऱ्हाडं. निरोगी स्तन म्हणजे एक वाडा, आणि त्यातले फोन सगळे पी.पी.

कॅन्सरमध्ये हीच शिस्त मोडते. ज्या पेशीत फोन, तीच पेशी वाढते. निरोप घेते आणि ठेवून घेते. ‘लेले, तुमचा फोन’ म्हणायच्या ऐवजी स्वतःच मुंबईला निघते. आणि नुसती जात नाही, तर स्वतःसारख्याच दोन करून जाते, त्या दोघींकडेही फोन. माझ्या गाठीतल्या ९० टक्के पेशींत यंत्र होतं. अठरा बिऱ्हाडांत सोळा फोन, आणि कोणी कोणाला हाक मारीना.

हे कधी मोडतं, कसं मोडतं, याचं एकच उत्तर नाही. प्रत्येक महिन्याला पाळीच्या चक्रात हुकूम सुटतो, पेशी दुप्पट होतात, प्रत्येक वेळी सगळी पोथी नकलून काढायची, आणि नक्कल म्हटली की चूक आली. जितकी चक्रं जास्त तितक्या नकला जास्त. इटलीचे वैद्य रामात्सिनी यांनी १७१३ मध्येच लिहून ठेवलंय की मठातल्या जोगिणींना स्तनाचा कॅन्सर जास्त होतो. बाळंतपण नाही, अंगावर पाजणं नाही. चक्राला विसावा कसा तो नाही. मला मूल नाही. ऑपरेशननंतर भेटायला आलेल्या एका नात्यातल्या बाईंनी चहा पिता पिता “तरीच” एवढाच शब्द उच्चारला. तेव्हा मला रामात्सिनी माहीत नव्हते, नाहीतर सांगितलं असतं की तो हिशोब मठाचा आहे, एका जोगिणीचा नव्हे. दोन मुलांच्या आया माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून सलाईन घेत होत्या.

औषध आधी सुरू झालं लेट्रोझोल. पाळी गेल्यावर बीजकोशांचं मुख्य एक्स्चेंज बंद पडतं, पण खेड्यापाड्यांतली छोटी एक्स्चेंजेस चालू राहतात, म्हणजे चरबीतली. तिथे अ‍ॅरोमाटेज नावाचं एंझाइम दुसऱ्या हार्मोनचं इस्ट्रोजेन करून देतं. लेट्रोझोल त्या एंझाइमलाच गप्प करतं. फोन करणाराच नाही तर घंटी वाजणार कशी? पण अंगात इस्ट्रोजेन ऐकणारी फक्त गाठ नसते. हाडं ऐकत असतात, सांधे ऐकत असतात, त्वचा ऐकत असते. सहा-आठ महिन्यांत सकाळी माझी बोटं कपाच्या कानाभोवती मिटेनात. उठताना गुडघे बोलायचे. दुसऱ्या वर्षी, कोणाला न सांगता, मी गोळ्या बंद केल्या. गणपतीचे दिवस होते, मोदक वळायचे होते. पाच आठवडे बंद होत्या. पट्ट्या डब्यात तशाच. जावेने विचारलं, “ताई, गोळी?” की मी “घेतली” म्हणायचे. चाळीस वर्षं लोकांचे निरोप बिनचूक पोचवले आणि स्वतःच्या बाबतीत हे.

शेवटी तपासणीच्या वेळी डॉक्टरांसमोर कबूल केलं. ते रागावले नाहीत, उलट म्हणाले की असं गुपचूप बंद करणाऱ्या बायका खूप असतात, सांगणाऱ्या कमी. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता बघायचा स्कॅन, काढला. हाडं बरीच विरळ झाली होती. मग टॅमॉक्सिफेनवर आले.

या गोळीचा जन्म पाळणा लांबवायला झाला होता. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ती बनवली. इरादा होता कामक्रीडेनंतर घ्यायच्या गर्भनिरोधकाचा. उंदरांत चाललं, बायकांत उलटंच, बीज सुटायला मदतच व्हायला लागली. तसं पडून राहायचं ते औषध १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ मध्ये अमेरिकेत कॅन्सरवर मंजूर झालं. ते इस्ट्रोजेनला हात लावत नाही. ते फक्त आधी जाऊन रिसीव्हर उचलतं आणि बोलत नाही. बाहेरून कोणी कितीही फिरवा, एंगेज टोन. रिसेप्टरच्या टोकाला एक छोटी गुंडाळी आहे, खरा निरोप आला की ती झाकणासारखी मिटते आणि मदतनीस प्रथिनांना बसायला जागा होते. टॅमॉक्सिफेनचं एक लांब शेपूट मध्ये येतं, झाकण मिटत नाही, मदतनीस परत जातात.

गंमत अशी, की हाडात हीच गोळी मदतनिसांना परत पाठवत नाही. तिथे ती इस्ट्रोजेनसारखीच वागते, हाड राखते. माझ्या फायद्याचं. गर्भाशयाच्या अस्तरातही इस्ट्रोजेनसारखी वागते, आणि ते तोट्याचं. तिथला कॅन्सर होण्याची शक्यता थोडी वाढते. म्हणून थोडा जरी रक्तस्राव दिसला तर लगेच सांगायचं, अशी तंबी आहे. तोच फोन, तोच उचलणारा, घरातली माणसं वेगळी. ज्या घरात जे मदतनीस हजर, तसं पुढचं घडतं. वाड्यातही असंच होतं. जोशांच्या मुलाने फोन घेतला तर निरोप पोचला समजा, आपट्यांच्या आजोबांनी घेतला तर गेला.

वाचता वाचता मी माझ्या आजाराबाहेरही गेले. रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, त्यात १५ आणि १७ क्रमांकांची गुणसूत्रं तुटून एकमेकांना चुकीची जोडली जातात. रेटिनोइक आम्लाचा, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या नातलगाचा रिसेप्टर भलत्याच प्रथिनाला चिकटून जन्मतो. आमच्या भाषेत क्रॉस कनेक्शन. नेहमीच्या आवाजात बोललेलं त्याला ऐकूच जात नाही, आणि पांढऱ्या पेशी पोरवयातच अडकून पडतात. १९८० च्या दशकात शांघायमध्ये वांग झेन्यी या डॉक्टरांनी काय केलं, तर तेच आम्ल भरपूर मात्रेत पाजलं. पेशी मारल्या नाहीत. त्या वयात आल्या, आपापल्या मरणाने गेल्या. पुढे त्याला सोमलाची जोड मिळाली, आणि एके काळी दिवसांत माणूस नेणाऱ्या या रोगातून आज बहुतेक रुग्ण बरे होतात. ट्रंक कॉलवर “हॅलो! हॅलो! मोठ्याने बोला!” असं ओरडणाऱ्या पिढीला हा उपाय शिकवावा लागत नाही.

मोघ्यांची गोष्ट मात्र अशी सोपी नाही. मोघे आमचे रात्रपाळीचे ऑपरेटर. मी संध्याकाळी उठले की माझ्या खुर्चीत ते बसायचे. खुर्चीची उंची बदलल्यावरून आमची तीस वर्षं भांडणं. त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर. तिथलं यंत्र टेस्टोस्टेरॉनचं, त्याच घराण्यातलं. १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की टेस्टोस्टेरॉन तोडलं की ही गाठ आक्रसते. १९६६ चं नोबेल त्यावर मिळालं. मोघ्यांना दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं. तीन वर्षं छान गेली, मग पीएसए, म्हणजे रक्तातली या गाठीची खूण, पुन्हा वर. त्यांनी फोनवर विचारलं, “बाई, एक्स्चेंज बंद केलंय ना, मग घंटी कोण वाजवतंय?”

मी जे वाचलं होतं ते सगळं सांगितलं नाही. या आजारात पेशी पुष्कळदा यंत्रांची संख्या वाढवतात, म्हणजे कुजबुजही घंटीएवढी ऐकू यावी. काही वेळा रिसेप्टर अर्धाच बनतो. ऐकायचा भाग गळालेला, पोथीवर बसायचा भाग शाबूत. त्याला निरोपाची गरजच उरत नाही, तो आपला हुकूम सोडत राहतो. माझ्या जातीच्या गाठीतही, विशेषतः लेट्रोझोलसारखी औषधं दीर्घकाळ घेतल्यावर, ५९५ अमिनो आम्लांच्या साखळीत ५३७ व्या जागचं एक बदलतं आणि झाकण आपोआप मिटून बसतं. रिसीव्हर क्रेडलवरून कायमचा खाली. अशा वेळी यंत्रच मोडीत काढणारी इंजेक्शनं आहेत. मोघ्यांना मी एवढंच म्हटलं, “नव्या गोळ्या आहेत, विचारा डॉक्टरांना.” त्यांनी विचारलं. आता त्या सुरू आहेत.

गेल्या डिसेंबरात सवाईला भेटलो. मुकुंदनगरचा मांडव, भारतीय बैठक, पण आमच्या दोघांच्याही गुडघ्यांनी खुर्च्या पसंत केलेल्या. रात्रीचे नऊ वाजलेले, थंडी चांगलीच. आजूबाजूला शाली, कानटोप्या, थर्मासमधला चहा. विलंबित ख्याल नुकता जमत आला होता आणि माझ्या पाठीच्या कण्यातून ती ओळखीची वाफ चढायला लागली. गळा, कान, कपाळ. टॅमॉक्सिफेन मेंदूतल्या थर्मोस्टॅटचाही फोन धरून बसतं ना. मी शाल काढली, स्वेटरची बटणं सोडली, कार्यक्रमपत्रिकेने वारा घ्यायला लागले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं.

शेजारी बघते तर मोघ्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि मफलर ओढत होते. कपाळावर घाम. पुरुषांना हे होतं हे त्यांना इंजेक्शनापूर्वी कोणीतरी सांगितलं होतं म्हणे, पण त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी बायकोला गीझर बंद करायला सांगितला होता.

मी अर्धी कार्यक्रमपत्रिका फाडून त्यांना दिली. दोघं वारा घेत बसलो. तबल्याची सम आली, लोकांनी माना हलवल्या. माझं अंग हळूहळू निवायला लागलं. मी शाल ओढून घेतली.

मोघ्यांनी मनगटावरचं घड्याळ दिव्याकडे कलतं करून पाहिलं आणि अगदी हळू आवाजात, माझ्या बाजूला न बघता म्हणाले, “थ्री मिनिट्स ओव्हर, साठेबाई. एक्स्टेंड करू?”